विण्याची वेळ ओळखताना : गाय-म्हशींच्या प्रसूतीच्या खुणा आणि माश्यांचा हंगाम

गाभण म्हैस गोठ्यात उभी असते, तेव्हा घराचा पुढील वर्षभराचा हिशेब तिच्यावर अवलंबून असतो. दहा महिने चारापाणी घालून सांभाळलेल्या जनावराचे दूध, पारडू आणि पुढील वेत या तिन्ही गोष्टींचा निकाल अखेरच्या काही तासांत लागतो. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९ कोटी २५ लाख गोवंशीय जनावरे आणि सुमारे ११ कोटी म्हशी आहेत. यांतील बहुतांश जनावरे मोठ्या दुग्धशाळांत नाहीत, तर दोन-चार जनावरे बाळगणाऱ्या कुटुंबांच्या गोठ्यांत आहेत. तेथे प्रसूतीच्या वेळी पशुवैद्यक शेजारी उभा नसतो. जनावराजवळ असतात ते घरातील माणसे. त्यांना खुणा किती नेमक्या ओळखता येतात, यावर पुष्कळ काही ठरते.

या वेळी होणाऱ्या चुका साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पहिली उशिराची : कळा थांबल्या किंवा वाढल्याच नाहीत, तरी ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणून रात्र काढली जाते. दुसरी घाईची : गर्भाशयाचे मुख पुरते उघडण्याआधीच पाय धरून ओढाताण केली जाते. तिसरी चूक प्रसूती सुखरूप पार पडल्यानंतरची असते. ओलसर नाळ, लोंबणारी वार आणि भिजलेला पेंढा यांकडे दुर्लक्ष होते आणि माश्या आपले काम सुरू करतात. या तिन्ही चुका टाळता येण्याजोग्या आहेत.

तारखेची नोंद हीच पहिली खूण

कोणतीही शारीरिक खूण दिसण्याआधी हाताशी असते ती रेतनाची तारीख. गाईचा गर्भकाळ सरासरी २८० दिवसांचा असतो. गीर, साहिवाल, थारपारकर यांसारख्या देशी गाईंमध्ये तो काही दिवसांनी अधिक, तर होल्स्टीन संकरित गाईंमध्ये २८० दिवसांच्या आसपास असतो. म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. गाईसाठी नऊ महिने नऊ दिवस आणि म्हशीसाठी दहा महिने दहा दिवस हा लोकव्यवहारातील ठोकताळा यामुळेच उपयोगी पडतो. उदाहरणार्थ, १० जानेवारीस रेतन झालेली गाय १७ ऑक्टोबरच्या सुमारास, तर त्याच दिवशी रेतन झालेली म्हैस १६ नोव्हेंबरच्या सुमारास विणे अपेक्षित असते. जुळी असल्यास प्रसूती काही दिवस आधी होऊ शकते.

अपेक्षित तारखेच्या ६० दिवस आधी दूध आटवावे, १० ते १५ दिवस आधी जनावर कळपातून वेगळे करून कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे आणि अखेरच्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा त्याच्याकडे पाहावे. अपेक्षित तारखेच्या तीन-चार आठवडे आधी कळा सुरू झाल्या, तर ती वेळेवरची प्रसूती नसून गर्भपात असू शकतो. तारखेची नोंदच नसेल, तर हा फरक ओळखणे अवघड होते.

सूचना वासरू देते

प्रसूतीचा क्षण आईचे शरीर ठरवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात सुरुवात गर्भातील वासराकडून होते. १९६० च्या दशकात न्यूझीलंडचे संशोधक ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर केलेल्या अभ्यासातून हे स्पष्ट झाले. वाढ पूर्ण होत आलेल्या पिलाच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते. त्यामुळे आईच्या शरीरात गर्भ टिकवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनची पातळी घसरते, इस्ट्रोजेन वाढते आणि पाठोपाठ प्रोस्टाग्लँडिन व ऑक्सिटोसिन यांच्या प्रभावाने गर्भाशय आकुंचन पावू लागते.

बाहेरून दिसणाऱ्या बहुतेक खुणा या अंतर्गत बदलांची पडछाया आहेत. संप्रेरकांमुळे कटिभागातील अस्थिबंध सैल होतात, म्हणून शेपटीच्या मुळाशी खड्डे पडतात. प्रोजेस्टेरॉन शरीराचे तापमान किंचित वाढवते. ते घटले की तापमान उतरते. गर्भाशयमुखावरील घट्ट बूच पातळ होते, म्हणून चिकट स्राव दिसू लागतो. हे कारण लक्षात घेतले, तर कोणत्याही एका खुणेवर विसंबू नये, अनेक खुणा एकत्र पाहाव्यात, हा नियम सहज पटतो.

आठवड्यांच्या, दिवसांच्या आणि तासांच्या खुणा

कास भरणे ही सर्वांत आधी दिसणारी खूण आहे. पहिलारू कालवडीत किंवा वगारीत ती विण्याच्या महिना-दीड महिना आधीच दिसू लागते. अनेक वेते झालेल्या जनावरात मात्र कास अखेरच्या दोन आठवड्यांत, क्वचित अखेरच्या दोन-तीन दिवसांत उतरते. त्यामुळे कास भरली एवढ्यावरून दिवस ठरवता येत नाही. सडांवरील सुरकुत्या जाऊन ते ताठ आणि तकतकीत दिसू लागले, दाबल्याविनाच चीक टपकू लागला, तर वेळ जवळ आली असे समजावे. या काळात कास मोकळी करण्यासाठी चीक पिळून टाकू नये. तो वासराचा पहिला आणि अत्यावश्यक आहार आहे.

निरण सुजून मऊ आणि सैल होते. त्यावरील घड्या नाहीशा होतात. शेपटीखालून काचेसारखा स्वच्छ, चिकट बळस लोंबू लागतो. तो पांढरट किंवा पारदर्शक असेल तर काळजी नसावी. लालसर तपकिरी, पूयुक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव मात्र धोक्याचा इशारा आहे.

शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना, बैठकीच्या हाडाकडे जाणारे अस्थिबंध एरवी दोरीसारखे ताठ लागतात. विण्याच्या एक-दोन दिवस आधी ते ढिले पडतात आणि बोटांनी दाबल्यास जवळजवळ जाणवेनासे होतात. शेपटी उचलली असता सैल वाटते आणि कंबर खचल्यासारखी दिसते. हाताने रोज तपासल्यास ही खूण विशेष विश्वासार्ह ठरते, कारण आज आणि काल यांतील फरक त्याच हाताला जाणवतो.

चौथी खूण तापमापकाची. गाईचे गुदद्वारातील तापमान सामान्यतः ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विण्यापूर्वीच्या साधारण २४ तासांत ते सुमारे अर्धा ते एक अंश उतरते. यासाठी अखेरच्या आठवड्यात रोज ठरावीक वेळी, शक्यतो सायंकाळी, तापमान घेऊन लिहून ठेवावे लागते. एकाच दिवशीच्या एकाच नोंदीला अर्थ नसतो. तापमान उतरण्याऐवजी ४० अंशांच्या पुढे गेले, तर तो आजार समजून त्वरित पशुवैद्यकास कळवावे. संकरित गाईंमध्ये गाभण अवस्थेचा ताण असताना गोचिडांमार्फत पसरणारा थायलेरिओसिस उफाळून येऊ शकतो आणि त्यातून गर्भपातही होऊ शकतो.

म्हशीच्या बाबतीत या खुणा गाईइतक्या ठळक नसतात. तिची कातडी जाड, वृत्ती शांत आणि अस्वस्थता कमी दिसणारी असते. मुऱ्हा असो, जाफराबादी असो वा पंढरपुरी, अनुभवी पशुपालकही कधी कधी पहाटे गोठ्यात जातो तेव्हा पारडू उभे राहिलेले असते. म्हणून म्हशीत तारीख, अस्थिबंध आणि कास या तीन गोष्टी एकत्र पाहणे अधिक आवश्यक ठरते.

शेपटी हलते ती कळांनी की माश्यांनी?

प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यातील वर्तन आणि माश्यांनी त्रस्त झालेल्या जनावराचे वर्तन यांत वरवर पुष्कळ साम्य असते. दोन्हींत जनावर शेपटी हलवते, पाय आपटते, चारा अर्धवट सोडते आणि जागा बदलते. पावसाळ्यात अनेकदा कळा आल्या असता ‘माश्या चावत असतील’ म्हणून दुर्लक्ष होते, तर कधी माश्यांच्या त्रासालाच कळा समजून रात्रभर धावपळ होते.

गोठ्यातील चावणारी माशी, म्हणजे स्टोमॉक्सिस, दिसायला घरमाशीसारखीच असते, परंतु तिच्या तोंडातून पुढे आलेली टोकदार सोंड असते. ती मुख्यतः जनावराच्या पायांवर, विशेषतः पुढील पायांच्या खालच्या भागावर बसते आणि दिवसाउजेडी रक्त शोषते. तिच्या त्रासाने जनावर पुढचे पाय आलटून पालटून आपटते, डोके खाली झटकते आणि शेपटी चाबकासारखी अंगावर मारते. माश्या हाकलल्या किंवा अंधार पडला की ते शांत होते. शेजारची जनावरेही तसेच करत असतात, ही आणखी एक महत्त्वाची खूण.

कळा येणारे जनावर मात्र एकटेच अस्वस्थ असते. शेपटी अंगावर मारण्याऐवजी ते ती मुळापासून उचलून शरीरापासून दूर धरते. मागच्या पायाने पोटावर लाथ मारते, मान वळवून कुशीकडे पाहते, पुनःपुन्हा बसते व उठते, थोडे थोडे शेण व मूत्र टाकते. ही अस्वस्थता ठरावीक अंतराने येते आणि ते अंतर हळूहळू कमी होत जाते. अंधार पडल्यावरही ती थांबत नाही.

माश्यांकडून एक उपयुक्त सूचनाही मिळते. बिनचावणारी घरमाशी ओलाव्याकडे आणि शरीरद्रवांकडे आकर्षित होते. गाभण जनावराच्या मागील भागाभोवती माश्या एकाएकी गोळा होऊ लागल्या, तर शेपटी उचलून पाहावी. बळस, पाणमोटेतील द्रव किंवा रक्त यांपैकी काहीतरी तेथे असण्याचा संभव असतो.

प्रसूतीचे तीन टप्पे

पहिल्या टप्प्यात गर्भाशयाचे मुख उघडते. हा टप्पा साधारणतः २ ते ६ तास चालतो. पहिलारू जनावरात तो याहून लांबू शकतो. या काळात शांतता, अंधुक उजेड आणि दुरून देखरेख एवढेच आवश्यक असते. गर्दी, कुत्र्यांचा वावर किंवा जागा बदलणे यांमुळे कळा मंदावतात.

दुसरा टप्पा पाणमोट दिसण्यापासून वासरू बाहेर पडेपर्यंतचा. अनेक वेते झालेल्या जनावरात तो अर्ध्या तासापासून दोन तासांत पूर्ण होतो. पहिलारूला अधिक वेळ लागू शकतो. पाणमोट आपोआप फुटू द्यावी. नखाने किंवा काडीने ती फोडल्यास मार्ग ओलसर ठेवणारा द्रव आधीच वाहून जातो. योग्य स्थितीत प्रथम पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसते. खुरांचे तळवे जमिनीकडे असतात. तळवे वर असतील, तर बहुधा ते मागचे पाय असतात. खात्रीसाठी सांधे तपासावेत. पुढच्या पायात खुराजवळचा सांधा आणि त्यावरील गुडघा एकाच दिशेने वाकतात, तर मागच्या पायात वरचा सांधा उलट दिशेने वाकतो. मागचे पाय आधी आले तरी वासरू जिवंत येऊ शकते, मात्र डोके आत असतानाच नाळ दाबली जाते. त्यामुळे अशा वेळी मदत तत्काळ मागवणे अगत्याचे असते.

तिसरा टप्पा वार पडण्याचा. ती सामान्यतः ८ ते १२ तासांत पडते.

मदत केव्हा मागवावी

पुढील परिस्थितींत वाट पाहू नये :

- अस्वस्थता सुरू होऊन ६ ते ८ तास झाले, तरी पाणमोट दिसत नाही.
- पाणमोट फुटून तासाभरात पाय किंवा नाक दिसत नाही.
- जोराच्या कळा देऊनही अर्ध्या तासात वासरू पुढे सरकत नाही.
- एकच पाय, नुसते डोके किंवा नुसती शेपटी दिसते.
- कळा सुरू होऊन मध्येच थंडावतात.
- स्राव दुर्गंधीयुक्त आहे, पुष्कळ रक्त जात आहे किंवा जनावराला उठता येत नाही.

विस्तार कार्यकर्त्याला रात्री दूरध्वनी येतो तेव्हा पाच प्रश्न विचारल्यास परिस्थितीचा बराच अंदाज येतो. रेतनाची तारीख कोणती आणि हे कितवे वेत? अस्वस्थता किती वाजता सुरू झाली? पाणमोट दिसली का, फुटली असल्यास केव्हा? बाहेर नेमके काय दिसते आणि तळवे वर आहेत की खाली? स्रावाचा रंग व वास कसा आहे? ही उत्तरे पशुवैद्यकाला आधीच मिळाली, तर तो योग्य साहित्य घेऊन निघतो. ज्या राज्यांत फिरती पशुवैद्यकीय पथके कार्यरत आहेत, तेथे १९६२ हा निःशुल्क क्रमांक गोठ्याच्या भिंतीवरच ठळक लिहून ठेवावा.

मदत पोहोचेपर्यंत काय करू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. अनेक माणसांनी दोर बांधून ओढणे, मुख उघडले आहे की नाही हे न पाहता ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे, अस्वच्छ हात आत घालणे यांमुळे गर्भाशय फाटण्यापर्यंत इजा होते. मार्ग बंद असताना गर्भाशयाला अधिक जोराने आकुंचित करणे म्हणजे बंद दारावर धडका देण्यासारखे आहे.

म्हशीतील गर्भाशयाचा पीळ

भारतात म्हशींच्या अवघड प्रसूतीमागे गर्भाशयाला पीळ पडणे हे अत्यंत महत्त्वाचे कारण आहे. गर्भ एका बाजूच्या शृंगात वाढतो. गर्भाशयाचा आधार पुढच्या भागात कमी असतो आणि म्हशीचे पोट खोल व ऐसपैस असते. त्यातच जनावर घसरले, पडले किंवा एकाएकी उठले, तर जड झालेले गर्भाशय स्वतःभोवती फिरते आणि मार्ग पिळलेल्या पिशवीच्या तोंडासारखा बंद होतो.

याची खूण फसवी असते. म्हैस पोटात दुखल्यासारखी उठबस करते, कुशीकडे पाहते, चारा सोडते. काही तास जातात, पण पाणमोट येत नाही. मग अस्वस्थता कमी होते आणि घरच्यांना वाटते की कळा अद्याप आल्याच नव्हत्या. काही जनावरांत निरणाचा एक ओठ आत ओढल्यासारखा दिसतो. ‘कळा आल्या आणि गेल्या’ असे वर्णन दिवस भरलेल्या म्हशीविषयी ऐकू आले, की दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो पीळच समजावा. वेळेत निदान झाल्यास पशुवैद्यक कुशीवर फळी ठेवून म्हशीला विशिष्ट दिशेने लोळवतात आणि पीळ सोडवतात. तसे न जमल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. जितका उशीर, तितका गर्भाशयाचा रक्तपुरवठा अधिक काळ तुटतो आणि पारडू व म्हैस दोन्ही गमावण्याचा धोका वाढतो. पिळाची दिशा न ओळखता घरच्या घरी लोळवल्यास तो अधिकच घट्ट होतो. गाभण म्हशीची जागा निसरडी नसावी, तिला चिखलाच्या उतारावरून नेऊ नये, हा प्रतिबंध सर्वांत स्वस्त आहे.

विण्याचा हंगाम आणि माश्यांचा हंगाम

म्हैस ही दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी आहे. त्यामुळे हरियाणा, पंजाबपासून गुजरात, महाराष्ट्रापर्यंत म्हशींच्या प्रसूती मोठ्या प्रमाणावर जुलै ते डिसेंबर या काळात एकवटतात. याच काळाचा पूर्वार्ध हा माश्या आणि गोचीड यांच्या भरभराटीचाही असतो. म्हणजे निसर्गतःच सर्वाधिक ओल्या नाळा आणि सर्वाधिक माश्या एकाच वेळी गोठ्यात येतात.

यांतील सर्वांत घातक माशी म्हणजे क्रायसोमिया बेझियाना. हिरवट-निळ्या चकाकीची ही माशी कुजलेल्या मांसावर नव्हे, तर जिवंत जनावराच्या जखमेच्या कडेवर अंडी घालते. एका वेळी ती शंभराहून अधिक अंडी देते. नवजात वासराची ओली नाळ आणि विताना निरणाला पडलेली चीर ही तिची आवडती ठिकाणे. अंडी एका दिवसाच्या आत उबतात. अळ्या डोके आत आणि श्वसनरंध्रे असलेले मागील टोक बाहेर ठेवून मांसात खोल शिरतात. यालाच आसडी पडणे म्हणतात. सुमारे आठवडाभरात पूर्ण वाढलेल्या अळ्या जमिनीवर पडतात, मातीत कोषावस्थेत जातात आणि पुढील पिढीच्या माश्या बाहेर येतात.

या जीवनक्रमातच उपाय दडलेला आहे. अंडी उबण्यास एक दिवसही लागत नसल्यामुळे नाळ दिवसातून दोन वेळा तपासावी. वासरू जन्मल्यावर नाळ आपोआप तुटली नसेल, तर पोटापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर निर्जंतुक दोऱ्याने बांधून त्याखाली स्वच्छ ब्लेडने कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. नाळ पुरती वाळेपर्यंत हे रोज करावे. नाळेशी ओलावा, दुर्गंधी किंवा लहान छिद्र दिसल्यास आसडीचा संशय घ्यावा. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने टर्पेंटाइन तेलाचा बोळा ठेवून अळ्या बाहेर काढता येतात. काढलेल्या अळ्या गोठ्यात टाकू नयेत. त्या मातीत शिरून माश्या होतात. उकळत्या पाण्यात टाकून त्या नष्ट कराव्यात.

घरमाशी उष्ण हवेत अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत सात ते दहा दिवसांत वाढते. स्टोमॉक्सिसला अधिक दिवस लागतात आणि तिला शेण-मूत्राने भिजलेला पेंढा विशेष मानवतो. प्रसूतीसाठी अंथरलेला, पाणमोटेच्या द्रवाने भिजलेला पेंढा म्हणजे तिच्यासाठी तयार वाफाच. हे अंथरूण प्रसूतीनंतर लगेच काढावे, कोरडे घालावे आणि गोठ्यातील ओला कचरा आठवड्यातून किमान एकदा पूर्ण उचलावा. एवढे केल्यास पुढील पिढी पुरी होण्याआधीच मोडते. उकिरडा गोठ्यापासून दूर ठेवून प्लास्टिकने घट्ट झाकल्यास आतील उष्णतेने अळ्या मरतात.

पिकासाठी आणलेले कीटकनाशक जनावराच्या अंगावर वा जखमेवर कदापि वापरू नये. लाळ गळणे, अंग थरथरणे, धाप लागणे ही विषबाधेची लक्षणे आहेत आणि नवजात वासरू त्यातून वाचणे कठीण असते. जनावरांसाठीची औषधेही विण्याच्या सुमारास कासेवर किंवा निरणाभोवती लावू नयेत. वासरू तीच कास तोंडात घेते. कडुनिंबाचा धूर उपयुक्त वाटला, तरी बंद गोठ्यात तो नवजात वासराच्या फुप्फुसांना अपायकारक ठरतो.

पहिले बारा तास

वासराच्या नाकातोंडातील चिकटा पुसावा, अंग आईला चाटू द्यावे आणि पहिल्या एक ते दोन तासांत चीक पाजावा. पहिल्या २४ तासांत वजनाच्या सुमारे एक दशांश इतका चीक विभागून पाजणे योग्य. २५ किलोच्या वासराला साधारण अडीच लिटर. वार पडेपर्यंत चीक पाजू नये, हा अनेक राज्यांत रूढ असलेला समज वासराच्या जिवावर उठतो. रोगप्रतिकारक प्रथिने शोषण्याची आतड्यांची क्षमता तासागणिक घटत जाते. उलट वासराने कास चोखल्याने ऑक्सिटोसिन स्रवते आणि वार सुटण्यास मदतच होते.

लोंबणाऱ्या वारेला दगड किंवा चप्पल बांधू नये, ती ओढूही नये. १२ तासांत न पडल्यास पशुवैद्यकास बोलवावे. पडलेली वार चुना टाकून खोल पुरावी. कुत्र्यांना ती खाऊ देऊ नये. वार, गर्भपात झालेला गर्भ आणि स्राव हाताळताना हातमोजे घालावेत, कारण गर्भकाळाच्या उत्तरार्धातील गर्भपातामागे ब्रुसेलोसिस असू शकतो आणि तो माणसालाही होतो. यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमांतर्गत ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना लस दिली जाते. आपल्या गोठ्यातील कालवडी व पारड्या त्यातून सुटल्या नाहीत ना, हे पाहावे.

जास्त दुधाच्या गाई-म्हशी व्याल्यानंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत मान कुशीला वळवून बसल्या, कान थंड लागले आणि उठेनाशा झाल्या, तर तो थकवा नसून दुग्धज्वर असतो. शिरेतून कॅल्शियम देणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे. वेळेत दिल्यास जनावर बहुधा काही तासांत उभे राहते.

रात्रीची प्रसूती दिवसा आणता येईल का?

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील गस कोनेफाल या पशुपालकाने गाभण गाईंना दिवसाऐवजी सायंकाळी उशिरा मुख्य आहार देण्यास सुरुवात केली आणि अधिक गाई दिवसा विऊ लागल्याचे त्यांच्या लक्षात आले. ही पद्धत आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. अखेरच्या तीन-चार आठवड्यांत मुख्य वैरण रात्री नऊ-दहाच्या सुमारास घालण्यास खर्च काहीच येत नाही. दिवसा प्रसूती होण्याची हमी यातून मिळत नाही, परंतु उजेडात आणि दवाखान्याच्या वेळेत जनावर व्याल्यास मदत मिळणे सोपे जाते. प्रयोगशील शेतकऱ्यांनी आपल्या गोठ्यात वेळेची नोंद ठेवून हा प्रयोग अवश्य करून पाहावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वीच गावातील गाभण जनावरांची यादी करावी. प्रत्येकाच्या नावापुढे रेतनाची तारीख, अपेक्षित प्रसूती, आधीच्या वेतातील अडचण आणि दूध आटवल्याचा दिवस लिहावा. टिंक्चर आयोडीन, निर्जंतुक दोरा, नवे ब्लेड, हातमोजे, स्वच्छ कापड, तापमापक आणि विजेरी एवढे साहित्य एका डब्यात घालून प्रत्येक गोठ्यात टांगता येते. यादी व डबा तयार असेल आणि घरातील किमान दोन माणसांना अस्थिबंध हाताने तपासता येत असतील, तर यंदाच्या हंगामात ‘सकाळपर्यंत पाहू’ असे म्हणण्याची वेळ फारच थोड्या गोठ्यांवर येईल.